इलेक्ट्रिक गाडीतील ड्रायव्हर असिस्टन्स आणि ऑटो पार्किंग: किती विसंबावे, हे स्वतः तपासून कसे ठरवावे

शोरूमच्या मागच्या आवारात दाखवले जाणारे ऑटो पार्किंगचे प्रात्यक्षिक सहसा फसत नाही. जमीन सपाट असते, पांढरे पट्टे ताजे असतात, दोन्ही बाजूंना सारख्या उंचीच्या गाड्या नीट रांगेत उभ्या असतात आणि विक्रेत्याने तीच जागा दिवसातून पाच-सहा वेळा वापरलेली असते. तीच गाडी घरी आली की तिला सोसायटीच्या स्टिल्टमध्ये दोन खांबांच्या मधोमध शिरायचे असते; एका अंगाला शेजाऱ्यांची स्कूटर तिरकी लावलेली असते, दुसऱ्या अंगाला फायर लाइनचा लाल पाइप असतो आणि वरच्या दिव्यांपैकी एक गेले तीन महिने बंद असतो. शोरूममध्ये जे पाहिले, त्याचा या जागेशी फारसा संबंध उरत नाही.

त्यामुळे ‘ही सुविधा भरवशाची आहे का’ असे विचारून हाती काही लागत नाही. माझ्या गाडीतील ही सुविधा, माझ्या जागेत, रात्रीच्या उजेडात आणि जुलैच्या पावसात भरवशाची आहे का, असे विचारावे लागते, आणि त्याचे उत्तर माहितीपत्रकात छापलेले नसते; एखाद्या रविवारी सकाळी दोन-तीन तास खर्च करून ते स्वतः काढावे लागते. ते कसे काढावे, हे पुढे सांगितले आहे. गाडी घेण्यापूर्वी टेस्ट ड्राइव्हच्या वेळी यातील निम्म्या गोष्टी करता येतात. उरलेल्या डिलिव्हरीनंतरच्या पहिल्या महिन्यात कराव्यात.

विकत काय घेतले, ते आधी नीट वाचावे

एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने गाडीच्या स्वयंचलनाच्या ० ते ५ अशा पातळ्या ठरवल्या आहेत. क्रेटा इलेक्ट्रिक, कर्व्ह ईव्ही, हॅरियर ईव्ही, बीई ६, एक्सईव्ही ९ई, विंडसर प्रो अशा आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या गाड्यांच्या वरच्या व्हेरिअंटमध्ये जे ‘एडास’ (चालकाला मदत करणाऱ्या सुविधांचा संच) मिळते, ते पातळी २ चे असते. या पातळीवर गाडी स्टिअरिंग आणि वेग दोन्ही सांभाळू शकते, मात्र रस्त्याकडे लक्ष ठेवण्याचे काम सर्वस्वी चालकाचे राहते, आणि अपघात झाल्यास ‘गाडीच चालवत होती’ हे म्हणणे पोलिसांपुढेही चालत नाही आणि विमा कंपनीपुढेही चालत नाही.

जाहिरातीत ‘एडासच्या २० सुविधा’ असा आकडा असतो. मॅन्युअल उघडून एका कागदावर दोन रकाने करावेत: एकात नुसता इशारा देणाऱ्या सुविधा आणि दुसऱ्यात स्वतः ब्रेक लावणाऱ्या किंवा स्टिअरिंग फिरवणाऱ्या सुविधा. विसापैकी निम्म्या पहिल्या रकान्यात जातात, असा अनुभव बहुतेकांना येईल. इशारा देणारी सुविधा चुकली तर फार तर वैताग येतो. स्टिअरिंग फिरवणारी चुकली तर पत्रा जातो किंवा माणूस जातो. तपासणीचा वेळ दुसऱ्या रकान्यावर खर्च करावा.

आणखी दोन गैरसमज इथेच दूर करावेत. १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या भारत एनकॅप या गाड्यांच्या धडक-चाचणी कार्यक्रमाचे पाच तारे पाहून एडास उत्तम असल्याचा निष्कर्ष काढू नये. ते तारे प्रामुख्याने धडक झाल्यावर आतली मोठी माणसे आणि मुले कितपत वाचतील, हे सांगतात. दुसरे म्हणजे, पुढे कधीतरी अपडेटने येणार असलेल्या सुविधेचे पैसे आज देताना विचार करावा. जुलै २०२५ मध्ये टेस्लाने मुंबईत मॉडेल वाय विक्रीला आणली, तेव्हा ‘फुल सेल्फ ड्रायव्हिंग’ या पर्यायाची किंमत ६ लाख रुपये होती आणि त्या दिवशी भारतीय रस्त्यावर त्याचा उपयोग काहीच नव्हता. डिलिव्हरीच्या दिवशी जे चालते, तेवढ्याच गोष्टीची किंमत मोजावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

गाडीला काय दिसते आणि काय दिसत नाही

पार्किंगचे मुख्य काम बंपरमधील रुपयाएवढ्या गोल अल्ट्रासॉनिक सेन्सरांवर चालते. ऑटो पार्किंग असलेल्या गाडीत ते सहसा पुढे ६ आणि मागे ६ असे १२ असतात. माणसाच्या कानाला न ऐकू येणारा ध्वनी सोडायचा आणि त्याचा प्रतिध्वनी किती वेळाने आला यावरून अंतर काढायचे, एवढीच त्यामागची युक्ती आहे. यावरून बऱ्याच गोष्टी आपोआप कळतात. भिंत, खोके, गाडीचे दार अशा रुंद आणि टणक पृष्ठभागावरून प्रतिध्वनी स्वच्छ येतो. बारीक सळई, साखळी, दोरी, तारेची जाळी यांवरून तो क्षीण येतो. गोधडी, कापडी कव्हर किंवा झुडूप तो गिळून टाकते. आणि तिरक्या गुळगुळीत पृष्ठभागावरून तो भलतीकडे निघून जातो. बंपरच्या उंचीच्या फार वर किंवा फार खाली असलेली वस्तू त्याच्या टप्प्यातच येत नाही. शिवाय साधारण वीतभर अंतराच्या आत हे सेन्सर अंतर मोजू शकत नाहीत. ‘पीं…’ असा सलग आवाज सुरू झाला, म्हणजे मोजणे संपले आहे असे समजावे; त्यानंतर अजून दोन बोटे उरली आहेत की दहा, हे गाडीलाही ठाऊक नसते.

रस्त्यावरच्या सुविधांसाठी समोरच्या काचेमागे, आरशाच्या वर कॅमेरा असतो आणि बंपरमागे किंवा लोगोमागे रडार असते. कॅमेऱ्याला पट्टे, वाहनांचे आकार आणि माणसे ओळखता येतात, पण समोरून येणाऱ्या अप्परच्या झोतात, धुक्यात आणि मावळतीच्या उन्हात तो आंधळा होतो. रडारला धुके आणि अंधार यांचे वावडे नाही. त्याला समोरच्या वस्तूचा वेग उत्तम कळतो. मात्र रस्त्याभोवती पाट्या, कठडे, पुलांचे खांब अशा शेकडो स्थिर वस्तू असल्यामुळे अनेक अडॅप्टिव्ह क्रूझ प्रणाली (पुढच्या वाहनापासून अंतर राखत वेग सांभाळणाऱ्या) मुळातच थांबलेल्या वस्तूंकडे काणाडोळा करतील अशा रचलेल्या असतात. धावत असलेल्या ट्रकमागे सुरेख अंतर राखणारी गाडी तिसऱ्या लेनमध्ये बंद पडून उभ्या असलेल्या ट्रककडे त्याच वेगाने जाऊ शकते, याचे कारण हे आहे.

एकाच नावाच्या मॉडेलमध्येही सेन्सर बदलतात, हे ध्यानात ठेवावे. टेस्लाने ऑक्टोबर २०२२ पासून नव्या गाड्यांतून अल्ट्रासॉनिक सेन्सर काढून टाकायला सुरुवात केली, तेव्हा त्या गाड्यांत पार्किंगच्या सुविधा काही काळ उपलब्धच नव्हत्या, आणि त्याच मॉडेलच्या आधीच्या गाड्यांत त्या चालू होत्या. मित्राच्या गाडीचा अनुभव ऐकताना व्हेरिअंट आणि उत्पादनाचा महिना विचारावा.

ऑटो पार्किंगची तपासणी

प्रथम या सुविधेच्या बाजूने जे म्हणायचे आहे ते म्हणतो. अमेरिकेतील एएए या वाहनचालकांच्या संघटनेने २०१५ मध्ये पाच गाड्यांची समांतर पार्किंगमध्ये माणसांशी तुलना केली, तेव्हा यंत्राने पदपथाच्या कडेला चाक घासण्याचे प्रमाण ८१ टक्क्यांनी कमी आणि पुढे-मागे करण्याच्या फेऱ्या ४७ टक्क्यांनी कमी ठरल्या. रचलेल्या, मोजलेल्या जागेत यंत्र माणसापेक्षा चांगले पार्किंग करते, याबद्दल वाद घालण्यात अर्थ नाही. इलेक्ट्रिक गाडीला तर गिअर बदलायचे नसतात आणि मोटर इंच-इंच सरकू शकते, त्यामुळे हे काम तिला आणखी सोपे जाते. वाद आहे तो जागेबद्दल, कारण आपल्याकडच्या किती जागा रचलेल्या आणि मोजलेल्या असतात, हे आपण रोज पाहतो.

माझ्या गाडीने पहिल्या दीड महिन्यात आमच्या सोसायटीतील जागेत सतरा वेळा बिनचूक पार्किंग केले आणि अठराव्या वेळी डाव्या बाजूचे मागचे दार खांबावरच्या पाइपाच्या लोखंडी ब्रॅकेटला घासले. ब्रॅकेट जमिनीपासून सुमारे ९५ सेंटिमीटरवर होता, म्हणजे सेन्सरांच्या बराच वर. तो पहिल्या दिवसापासून तिथेच होता. त्या दिवशी बदलले होते ते एवढेच की शेजाऱ्यांची गाडी गावाला गेलेली होती. आधीच्या सतराही वेळा माझी गाडी त्यांच्या गाडीला समांतर राहून जागेच्या मध्यावर येत होती. ती आधाराची वस्तू नसल्यावर तिने खांब धरला आणि खांबाकडे सरकली. दाराच्या पत्र्याचे काम, रंग आणि चार दिवस रिक्षाने प्रवास, एवढ्या किमतीत मला खालील तपासणी सुचली.

एखादे मोकळे काँक्रीटचे आवार किंवा सुट्टीच्या दिवशीचे कार्यालयाचे पार्किंग निवडावे. सोबत फ्रिज किंवा टीव्ही आलेली मोठी पुठ्ठ्याची चार-पाच खोकी, किराण्याचे एक बुटके खोके, एक बांबू, दोरी, जुनी गोधडी, घडीचे टेबल, खडू आणि मोजपट्टी घ्यावी. मदतीला एक माणूस हवा; त्याने कायम गाडीच्या बाजूला उभे राहावे, मागे किंवा पुढे कधीही नाही. मुलांना घरी ठेवावे.

सुरुवात नुसत्या सेन्सरांपासून करावी. पाय ब्रेकवर ठेवून गाडी स्वतः मागे घ्यावी आणि प्रत्येक वस्तूसाठी पहिला आवाज कोणत्या अंतरावर येतो आणि सलग आवाज कोणत्या अंतरावर सुरू होतो, हे मदतनिसाने मोजून लिहावे. आधी मोठे खोके, मग उभा धरलेला बांबू (धरणाऱ्याने बाजूला उभे राहून लांबून धरावा), मग खुर्चीवर टाकलेली गोधडी, मग बुटके खोके, मग गुडघ्याच्या उंचीवर बांधलेली दोरी. शेवटी टेबल असे ठेवावे की त्याचे पाय दूर राहतील आणि फळी गाडीकडे बाहेर आलेली असेल. हे टेबल म्हणजे माझा ब्रॅकेट, टेम्पोचे खाली पाडलेले फाळके किंवा दुकानाच्या ओट्याची पुढे आलेली फरशी होय. काही वस्तूंना आवाज येणारच नाही. त्या वस्तूंची यादी हाच या अर्ध्या तासाचा लाभ आहे, आणि ती यादी घेऊन आपल्या नेहमीच्या पार्किंगच्या जागी एकदा टॉर्च मारून पाहावे.

त्यानंतर खोक्यांची दोन भिंतींसारखी मांडणी करून त्यांच्यामध्ये गाडीला शिरू द्यावे. प्रत्येक फेरीला जागा १० सेंटिमीटरने अरुंद करावी. एका टप्प्यावर गाडीने ‘जागा पुरेशी नाही’ असे सांगून नकार दिला पाहिजे. नकार देणारी गाडी भरवशाची समजावी; अडचणीच्या जागेतही प्रयत्न करून मध्येच अडकणारी गाडी अधिक धोक्याची असते. ज्या रुंदीला गाडी विनातक्रार शिरते, त्याच जागेत मग तिला दहा वेळा लावून दोन्ही बाजूंची अंतरे दर वेळी मोजावीत. इथे सरासरी काढू नये. नऊ वेळा ३५ सेंटिमीटर आणि एकदा १२ सेंटिमीटर अंतर राहिले असेल, तर आपल्या गाडीचा आकडा १२ आहे.

हे झाल्यावर प्रक्रिया मध्येच मोडून पाहावी, कारण संकटाच्या वेळी तेच करायचे असते आणि बहुतेकांनी ते कधी केलेलेच नसते. एकदा ब्रेक दाबावा, एकदा स्टिअरिंग घट्ट धरावे, एकदा सीटबेल्ट काढावा, एकदा गाडी सरकत असताना दार किंचित उघडावे. प्रत्येक वेळी गाडी थांबते का, थांबल्यावर पार्कमध्ये जाते की नुसती ताबा सोडते, आणि पुन्हा सुरू करण्यासाठी काय दाबावे लागते, हे पाहून ठेवावे. ‘नुसती ताबा सोडते’ हे उत्तर आले आणि जागा उताराची असेल, तर काय होईल हे सांगायला नको.

बाहेर उभे राहून गाडी हलवताना

किल्लीने किंवा मोबाइलने गाडी बाहेर काढण्याची सोय दोन गाड्यांच्या फटीतून दार उघडता न येणाऱ्यांना वरदान आहे, आणि मी स्वतः ती वापरतो. पण या एका सुविधेबाबत मी सर्वांत कडक आहे. इलेक्ट्रिक गाडी इतकी निःशब्द सरकते की चाकाशी चेंडू शोधणाऱ्या मुलाला ती जाणवत नाही, आणि चालक आत नसल्यामुळे ब्रेकवर पाय नसतो. युरोपात लागू असलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या नियमानुसार असे पार्किंग करताना किल्ली गाडीपासून ६ मीटरच्या आत असावी लागते. आपल्या गाडीत मर्यादा काहीही असो, स्वतःसाठी ती ३ मीटर धरावी आणि गाडी ज्या दिशेने सरकणार आहे तो कोपरा दिसेल अशा जागी, पण तिच्या वाटेत येणार नाही असे उभे राहावे. आधी गाडीभोवती एक फेरी मारावी आणि वाकून खाली पाहावे. मांजरे तिथेच असतात.

तपासणी सोपी आहे. जमिनीवर खडूने रेघ मारावी, पुढचे चाक रेघेवर येताच बटण सोडावे आणि गाडी किती सरकून थांबली ते मोजावे. ताशी ३ किलोमीटर हा वेग मुंगीचा वाटतो, तरी त्या वेगाने गाडी एका सेकंदात ८३ सेंटिमीटर जाते. बटण दाबून धरावे लागते की एकदा दाबले की गाडी आपली आपण निघते, हेही पाहावे. दुसरा प्रकार असल्यास ती सुविधा वापरू नये असा माझा सल्ला राहील. मोबाइल ॲपने चालणाऱ्या गाडीत, तळघरात नेटवर्क जात असेल तर गाडी मध्येच काय करते, हे मोकळ्या जागेत मोबाइल फ्लाइट मोडवर टाकून पाहता येते. ही काळजी वायफळ नाही: अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा यंत्रणेने जानेवारी २०२५ मध्ये टेस्लाच्या सुमारे २६ लाख गाड्यांतील, मोबाइलने गाडी आपल्याकडे बोलावून घेण्याच्या सुविधेची चौकशी सुरू केली, ती खांबांना आणि उभ्या गाड्यांना झालेल्या धडकांच्या तक्रारींवरूनच.

चालकाला पूर्णपणे रजा देणारे पार्किंग अस्तित्वात आहे. जर्मनीत श्टुटगार्टच्या विमानतळावरील पी६ या वाहनतळाला नोव्हेंबर २०२२ मध्ये पातळी ४ ची परवानगी मिळाली, आणि तिथे मर्सिडीझची ईक्यूएस ही इलेक्ट्रिक गाडी मालक निघून गेल्यावर आपली जागा स्वतः शोधते. पण तिथे इमारतीतच सेन्सर बसवलेले आहेत आणि गाडीला वाट इमारत दाखवते. बीवायडीने जुलै २०२५ मध्ये आपल्या स्वयंचलित पार्किंगमुळे होणारे नुकसान भरून देण्याचे जाहीर केले, तेही फक्त चीनमधल्या गाड्यांपुरते. आपल्या सोसायटीच्या खांबांना डोळे नाहीत, आणि नुकसानभरपाईची असली हमी आपल्या वॉरंटीच्या पुस्तिकेत सापडत नाही.

इलेक्ट्रिक गाडीपुरती एक किरकोळ वाटणारी, पण रोज भोवणारी गोष्ट राहिली. ऑटो पार्किंग बहुधा गाडी मागच्या बाजूने आत घेते. चार्जिंगचे तोंड पुढच्या डाव्या चाकावरच्या पत्र्यावर असेल आणि भिंतीवरचा चार्जर मागे असेल, तर केबल पुरत नाही किंवा बॉनेटवरून ताणून न्यावी लागते. घरचा चार्जर बसवण्यापूर्वी गाडी त्या जागेत ऑटो पार्किंगने लावून पाहावी आणि मगच इलेक्ट्रिशियनला भिंतीवर खूण करू द्यावी.

रस्त्यावरच्या सुविधा: काय तपासावे, काय तपासू नये

आपोआप लागणारा ब्रेक घरी तपासण्याच्या भानगडीत पडू नये. समोर माणूस उभा करणे हा गुन्ह्याइतका मूर्खपणा आहे, आणि पुठ्ठ्याच्या खोक्यावर गाडी नेऊनही काही सिद्ध होत नाही, कारण खोके हे वाहन किंवा माणूस नसल्यामुळे प्रणालीने त्याला सोडून देणे तिच्या नियमात बसते. या सुविधेबद्दल एकच वृत्ती ठेवावी: ती नाहीच असे समजून गाडी चालवावी, आणि कधी उपयोगी पडली तर तिचे आभार मानावेत.

अडॅप्टिव्ह क्रूझ आणि लेन सांभाळणारी सुविधा मात्र तपासता येतात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर ताशी १०० किलोमीटरने गाडी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर जाते, समृद्धीवर १२० ने ३३ मीटर. पहिल्या प्रवासात शेजारी बसणाऱ्याने वही घ्यावी आणि लेनची सुविधा किती वेळा सुटली आणि कुठे सुटली, ते किलोमीटरच्या दगडासह लिहावे. दुरुस्तीनंतर जुने पट्टे नीट न खरवडलेले भाग, टोलनाक्याआधी लेन फुटतात ती जागा, बाहेर पडण्याचे फाटे आणि बोगद्याची तोंडे, या ठिकाणी ती बहुधा सुटते. सुटताना इशारा आवाजाने मिळतो की पडद्यावरचे एक हिरवे चिन्ह चुपचाप पांढरे होते, हे सर्वांत महत्त्वाचे निरीक्षण आहे. दुसरा प्रकार असेल, तर त्या गाडीत ही सुविधा वापरताना हात सैल सोडणे परवडणारे नाही.

अमेरिकेतील विमा कंपन्यांच्या आयआयएचएस या संस्थेने मार्च २०२४ मध्ये १४ प्रणाली तपासल्या, त्या चालकाचे लक्ष रस्त्यावर टिकवून ठेवण्यासाठी काय करतात या दृष्टीने; त्यांतील ११ प्रणालींना सर्वांत खालची श्रेणी मिळाली. स्टिअरिंगवरून हात काढल्यावर गाडी लवकर ओरडत असेल, तर तिच्यावर चिडू नये. तिला फसवण्यासाठी स्टिअरिंगला पाण्याची बाटली अडकवणारे महाभाग समृद्धीवर मी पाहिले आहेत. त्यांच्या मागे किंवा पुढे न राहता दूर निघून जावे.

काही प्रसंगी मी क्रूझ निरपवादपणे बंद करतो. कारखाने सुरू झाले की कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, नगर या भागांत संध्याकाळनंतर उसाच्या ट्रॉल्या मागच्या दिव्यांशिवाय निघतात, आणि बाहेर लोंबणाऱ्या उसाच्या मोळीला वाहनाचा आकारच नसतो. सळ्या वाहून नेणाऱ्या टेम्पोमागे गाडी अंतर राखते ते टेम्पोच्या मागच्या फाळक्यापासून. फाळक्याच्या बाहेर दीड-दोन मीटर आलेल्या सळ्यांची टोके तिच्या हिशेबात नसतात. घाटातल्या वळणांवर समोरचे वाहन रडारच्या टप्प्यातून निसटते, आणि ‘रस्ता मोकळा झाला’ असे समजून गाडी नेमकी वळणात वेग घेते. शहरात दुचाकीस्वार समोरच्या फटीत शिरला की गाडी दचकून ब्रेक लावते, आणि मागच्याला तो ब्रेक अपेक्षित नसतो.

इलेक्ट्रिक गाडीत क्रूझ बंद करण्याचीही एक रीत आहे. रिजनरेशन (वेग कमी करताना मोटरने वीज बनवून बॅटरीत परत घालण्याची सोय) वरच्या पातळीवर असताना क्रूझ रद्द केले आणि पाय ॲक्सिलरेटरवर नसेल, तर गाडी ब्रेक दाबल्यासारखी मंदावते. म्हणून आधी पाय ॲक्सिलरेटरवर हलका ठेवावा, मग क्रूझ रद्द करावे. तसेच लोणावळ्यात बॅटरी शंभर टक्के भरून खंडाळ्याचा घाट उतरायला घेतला, तर भरलेल्या बॅटरीत परत वीज घ्यायला जागा नसल्यामुळे रिजनरेशन जवळजवळ मिळत नाही आणि नेहमीचा मंदावण्याचा अंदाज चुकतो. घाटमाथ्यावर चार्जिंग ८० ते ८५ टक्क्यांवर थांबवलेले बरे.

गाडीच्या अंगावर काय घालावे आणि काय घालू नये

दसऱ्याला झेंडूचा हार घालावा, अवश्य घालावा, पण तो लोगो, बंपरचा मधला भाग आणि गोल सेन्सर सोडून. हाराने रडार झाकले की पडद्यावर ‘सुविधा उपलब्ध नाही’ असा संदेश येतो. तो आला तर निदान कळते, पण मागच्या बंपरवर लोंबणाऱ्या फुलांच्या माळेमुळे सेन्सर सतत बीप करतात आणि कंटाळून मालक आवाजच बंद करून टाकतो. तो पुन्हा सुरू करायचे मग दिवाळीपर्यंत राहून जाते. काचेवरचे गंध, देवाचे स्टिकर आणि डॅशकॅम कॅमेऱ्याच्या समोर येऊ देऊ नयेत. बाहेरून बसवलेला स्टीलचा बंपर गार्ड घालू नये. बंपर पुन्हा रंगवताना सेन्सर काढून घ्यायला सांगावे, कारण रंगाचा जाड थर बसलेला सेन्सर अर्धा बहिरा होतो. कोकणातून परतताना लाल चिखलाने माखलेला बंपर निघण्यापूर्वी ओल्या फडक्याने पुसून घ्यावा. धुलाई केंद्रात प्रेशरच्या पाण्याचा झोत सेन्सरवर जवळून मारू देऊ नये.

दुरुस्ती आणि अपडेटनंतर

पुढची काच बदलली, बंपर उतरवला किंवा धडकेनंतर पुढचे काम झाले, तर कॅमेरा आणि रडार यांचे कॅलिब्रेशन, म्हणजे नेमकी जुळणी, पुन्हा करावे लागते. कॅमेरा एखाद्या अंशाने कलला तरी शंभर मीटरवर त्याचा अंदाज दीड मीटरहून अधिक चुकतो, म्हणजे जवळजवळ अर्धी लेन. जॉबकार्डवर ‘कॅलिब्रेशन केले’ अशी नोंद आणि यंत्राचा छापील अहवाल मागावा, आणि विम्याच्या दाव्यात त्याचा खर्च धरला आहे का, हे सर्वेक्षकाला आधीच विचारावे. एडासचे संदेश अधूनमधून कारण नसताना येऊ लागले, तर महागड्या सेन्सरवर संशय घेण्यापूर्वी १२ व्होल्टची छोटी बॅटरी तपासून घ्यावी. इलेक्ट्रिक गाडीतही ती असते आणि ती कमजोर झाली की अशा तक्रारी सुरू होतात.

रात्रीतून सॉफ्टवेअरचे अपडेट आले, की सकाळी गाडी ओळखीची दिसते, पण वागणे बदललेले असू शकते. अपडेटपूर्वीची सेटिंग मोबाइलवर फोटो काढून ठेवावीत, नंतर जुळवून पाहावीत आणि खोक्यांची तपासणी निदान तीन फेऱ्या पुन्हा करावी. तक्रार करायची झाल्यास ‘पार्किंग नीट होत नाही’ असे सांगितल्याने सर्व्हिस सेंटरमध्ये काही हलत नाही. तारीख, वेळ, उजेड, पाऊस होता की नाही, सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि व्हिडिओ दिल्यास त्यांना पुढे कळवण्याजोगे काहीतरी मिळते.

गाडी दुसऱ्याच्या हाती देताना शेवटची खबरदारी घ्यावी. काही सुविधा प्रत्येक वेळी गाडी सुरू केल्यावर आपोआप चालू होतात, काही शेवटच्या स्थितीत राहतात. लेनची सुविधा चालू असल्याचे ठाऊक नसलेल्या चालकाच्या हातात स्टिअरिंग अचानक विरोध करू लागले की तो घाबरून उलट दिशेला जोर लावतो. बदली ड्रायव्हरला, मुलाला किंवा वडिलांना गाडी देण्यापूर्वी ती बटणे बोटाने दाखवावीत. पझल पार्किंगच्या (गाड्या यंत्राने वर-खाली आणि आजूबाजूला सरकवून ठेवणाऱ्या पार्किंगच्या) पोलादी पाटावर तर ऑटो पार्किंग लावूच नये, कारण पाटाच्या उंच कडांना गाडी अडथळा समजते आणि अर्धी चाके पाटावर असताना थांबते. तिथल्या ऑपरेटरला किल्ली देताना हे सांगून ठेवावे आणि गाडी हाताने लावून घ्यावी.